लाल नखांचा पाय

डिसेंबर नुकताच लागला होता. गुरुग्रामच्या सर्जनसाहेबांचा फोन आला.

"मैडम जी, आपके देस की मरीज़ भेज रहा हूँ. मालकिन भी आपके देस की है. अब बैठकर मराठी में झगड़ना दोनों."

माझा देश म्हणजे महाराष्ट्र. बावीस वर्षं दिल्लीत काढूनही इथल्यांच्या लेखी माझा देश तोच आहे आणि माझी त्याला हरकत नाही. सर्जनसाहेब जनावरांच्या हाडांचे डॉक्टर. मी फिजिओथेरपिस्ट. आधी सोळा वर्षं माणसांचे गुडघे आणि खांदे केले, मग प्राण्यांचं वेगळं शिक्षण घेतलं आणि नोएडात एका इमारतीच्या तळघरात कुत्र्यांसाठी केंद्र काढलं. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत. तो पाहुण्यांना सांगतो, "हिला बढती मिळाली. पूर्वी पेशंटला दोन पाय असायचे, आता चार असतात." मलाही ती बढतीच वाटते. माणसाला व्यायाम सांगितला की तो तोंडावर हो म्हणतो आणि घरी जाऊन झोपतो. कुत्र्याला एकदा गोडी लागली की ते स्वतः चटई ओढून आणतं.

दुसऱ्या दिवशी पेशंट आली. कारवान जातीची कुत्री, सहा वर्षांची, मातकट रंगाची, लांबसडक पाय, पोट आत गेलेलं, अंगावर जरूर तेवढंच मांस. लातूरकडच्या कुठल्या नातेवाइकाने पिल्लू असताना दिलेली. बरोबर पंचविशीची मुलगी. तिचे वडील सरकारी नोकरीत, ती इथेच जन्मली आणि वाढली. या दोघी मिळून अडथळ्यांच्या शर्यती पळायच्या. त्यात मालक मैदानात बरोबर धावतो, हाताने आणि तोंडाने दिशा सांगतो, आणि कुत्रं आडव्या दांड्यांवरून उड्या मारतं, बोगद्यातून जातं, कौलारू छपरासारखी उंच उतरंड एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरतं. दांडी पडली की गुण गेला, वळण चुकलं की शर्यत गेली.

"फेब्रुवारीच्या मध्यावर मीट आहे," मुलगी म्हणाली. "मला त्यात हिला फुल हाइटवर पळवायचंय. क्लीन राउंड. बस."

"पुढच्या वर्षी पळव. घाई काय?"

"पुढचं वर्ष नाहीये ना काकू. माझं सिलेक्शन झालंय. मार्चमध्ये ट्रेनिंगला जायचं. तिकडे कुत्रं अलाउड नाही. बाबा रिटायर होऊन नागपूरला चाललेत, ही त्यांच्याबरोबर. तिकडे ही कॉलनीत फिरेल, बॉलमागे धावेल. पण रनिंग खतम."

रडत नव्हती, विनवत नव्हती. वेळापत्रक सांगितल्यासारखं सांगितलं. मला ती तिथेच आवडली. दहा आठवडे होते हातात.

दुखणं होतं पुढच्या डाव्या पायाचं. माणसाची बेटकुळी फुगते तोच स्नायू, तो खांद्याच्या पुढच्या अंगाला ज्या दोरीने बांधलेला असतो ती दोरी सुजली होती. टेंडन. तुटली नव्हती, पण तिच्या धाग्यांनी कुरकुर सुरू केली होती. उतरंडीवरून भरवेगात खाली येताना सगळं अंग पुढच्या पायांवर पडतं, वर लगेच गिरकी घ्यायची, की हीच दोरी ताणली जाते. सर्जनसाहेबांनी सोनोग्राफी केली होती. दोन खांद्यांची तुलना करायची असल्याने केसही दोन्ही बाजूंचे काढले होते. ही बारीकसारीक गोष्ट मी उगाच सांगत नाही, पुढे लागणार आहे.

फोनवर ते म्हणाले होते, "इस सीज़न तो भूल जाए. पर लड़की ज़िद्दी है. जनवरी के आख़िर में देखूँगा. दोनों टाँगों के घेर में आधे सेंटीमीटर से ज़्यादा फ़र्क़ नहीं होना चाहिए. और दस छलाँगों के बाद चाल बराबर. तभी हाँ बोलूँगा."

मी शिंप्याची टेप घेतली आणि दोन्ही पायांचा वरचा घेर मोजला. डावा उजव्यापेक्षा दीड सेंटीमीटरने बारीक. मग तिला तळघराच्या लांब बोळातून दुडकं चालवलं आणि मोबाइलवर चित्रण केलं. दुखरा पाय टेकला की कुत्रं डोकं वर उचलतं, त्या पायावरचा भार हलका करायला. चांगला टेकला की डोकं खाली येतं. बघणाऱ्याला नेमकं उलटं वाटतं: ज्या पायावर डोकं झुकतं तोच लंगडा आहे असं. हे मी लोकांना नेहमी समजावते. त्या दिवशी नाही समजावलं. मी बोलण्याच्या नादात होते.

कारण इतक्या दिवसांनी कामाच्या ठिकाणी मराठी बोलायला मिळत होतं. माझे बाकीचे सगळे ग्राहक हिंदीवाले किंवा इंग्रजीवाले. ही मुलगी 'काकू' म्हणाली आणि माझं सुटलंच. सगळ्या सूचना मराठीतून. तिचं मराठी दिल्लीचं, "बिल्कुल करणार काकू, टेन्शनच घेऊ नका" असलं. मी मुद्दाम अधिकच शुद्ध बोलत होते. त्या मुलीचं मराठी सुधारायचंही काम जणू माझ्याकडेच आलं होतं.

माझा एक नियम आहे: कोणताही व्यायाम आधी चांगल्या पायावर दाखवायचा. त्यामुळे जनावराला कळतं की यात दुखत नाही. म्हणून मी शेक कसा द्यायचा, पाय कसा मागे न्यायचा, कुठे थांबायचं, हे सगळं उजव्या पायावर दाखवलं. मुलीने त्याचं चित्रण केलं. मी म्हटलं, "घरी हे सगळं डाव्या पायाला करायचं. आणि उभी असताना उजवा पाय उचलून धरायचा, म्हणजे डाव्यावर भार येईल. दिवसातून चार वेळा, मोजून दहा आकडे." घरी गेल्यावर हेच पुन्हा अकरा व्हॉइस मेसेजांमधून सांगितलं. अकराच्या अकरा मराठीत.

निघताना दारापाशी मुलगी कुत्रीला म्हणाली, "डावा!" कुत्री उजवीकडे वळली. मी मनात म्हटलं, कुत्रं आहे, चुकलं असेल.

पहिले दोन आठवडे ती घरीच करणार होती. रोज रात्रीच्या जेवणाआधी तिचा मेसेज यायचा: "डन, काकू." मी खूश. नवऱ्याला सांगितलं, "असा ग्राहक बावीस वर्षांत मिळाला नाही."

दोन आठवड्यांनी मी टेप लावली. उजवा पाय अर्ध्या सेंटीमीटरने वाढला होता. डावा तितकाच घटला होता.

मला टेपवर संशय आला. पुन्हा मोजलं. मग दुसरी टेप आणली. कुत्री कंटाळून माझ्या मनगटावर हनुवटी टेकून उभी राहिली. आकडे तेच. फरक दीडचा अडीच झाला होता.

"रोज करत होतीस?"

"रोज! एकही दिवस मिस नाही."

"दाखव कसं करतेस."

ती गुडघ्यांवर बसली आणि अगदी सफाईने, मी शिकवलं होतं त्याहून सफाईने, कुत्रीचा डावा पाय उचलून धरला. दुखरा. आणि आकडे मोजू लागली.

"हा कोणता पाय उचललास?"

"उजवा. तुम्हीच सांगितलं, उजवा उचल, डाव्यावर वजन."

मी विचारलं, "तुझा जेवायचा हात कोणता?"

"काय?"

"जेवतेस कोणत्या हाताने?"

तिने उजवा हात वर केला.

"त्याला मराठीत काय म्हणतात?"

"डावा," ती म्हणाली. आणि मग, माझं तोंड बघून, हळू आवाजात, "दायाँ... डावा... नाही?"

डावा आणि दायाँ. मी खुर्चीत बसले. कानाला जवळजवळ सारखेच, अर्थाने बरोबर उलटे. दोनच बाजू असतात, एक 'दायाँ' झाली की दुसरी आपोआप 'बायाँ', म्हणून उजवा म्हणजे बायाँ. तिच्या डोक्यात कुठेच गोंधळ नव्हता. मी उजव्या पायावर दाखवलेलं चित्रण तिच्याकडे होतं. कुत्रीचं डोकंही उजव्या पायावर झुकत होतं. केस दोन्ही खांद्यांचे काढलेले. जे जे बघावं ते ते तिच्या चुकीला साक्ष देत होतं.

"अगं, पण रिपोर्टवर लिहिलं होतं की! एल एफ. लेफ्ट फ्रंट."

"डॉक्टर नुसतं 'कंधा' म्हणाले. ते एल एफ मला मशीनचं नाव वाटलं."

"अख्ख्या भारताच्या नद्या पाठ करून परीक्षा पास झालीस तू!"

"नद्यांचा लेफ्ट बँक-राइट बँक येतो मला," ती चिडून म्हणाली. "घरी कोणी डावा-उजवा बोलतच नाही, काकू. आई 'राइट हँड'च म्हणते. बाबा म्हणतात 'त्या साइडला'. मी इतकं मराठी बोलले ते तुमच्यासाठी!"

म्हणजे ती मला खूश करत होती आणि मी तिला सुधारत होते. मधे कुत्रीचा पाय सुकत होता.

हे मला कळायला हवं होतं. दिल्लीत आले त्या पहिल्या महिन्यात मी रिक्षावाल्याला "डावे हाथ को लेना" म्हणाले होते आणि त्याने उजवीकडे घेतलं होतं. मी त्याच्याशी भांडले होते. त्यानेही मान हलवत मला विचारलं होतं, "मैडम, दायाँ ही तो बोला आपने?" तो रिक्षावाला मला त्या तळघरात स्पष्ट आठवला.

सर्जनसाहेबांना फोन मीच केला. चूक लपवली की पुढचे सगळे आकडे खोटे ठरतात. मी सगळं सांगितलं. पलीकडे इतका वेळ हसणं, की मी फोन टेबलावर ठेवून कुत्रीचं पाणी बदललं.

"मैडम जी, तीस साल में पहली बार सुना, ट्रांसलेशन से लँगड़ापन." मग गंभीर झाले. "वैसे एक बात है. टेंडन को दो हफ़्ते आराम तो मिला न? सूजन देखिए."

मी बोटांनी चाचपलं. खरंच, खांद्याच्या पुढची ती दुखरी जागा दाबल्यावर कुत्रीने पूर्वीसारखा पाय झटकला नाही. दोरी शांत झाली होती. स्नायू मात्र गेला होता. जखमेला आपोआप आराम मिळाला यात माझं कर्तृत्व काही नव्हतं, याचा मला रागच आला. पण रागात वेळ घालवायला आठच आठवडे उरले होते.

मी पर्समधून नेलपॉलिश काढलं. भडक लाल, भाचीच्या लग्नात घेतलेलं आणि त्यानंतर न लावलेलं. कुत्रीच्या डाव्या पंज्याची चारही नखं रंगवली. ती वास घेत राहिली, तक्रार केली नाही.

"आजपासून डावा नाही, उजवा नाही, लेफ्ट नाही, दायाँ नाही," मी म्हटलं. "लाल पाय आणि साधा पाय. कळलं?"

"लाल पाय दुखतो. साधा पाय उचलायचा."

"शाब्बास."

मग जे आठ आठवडे झाले ते मला अजून तारीखवार आठवतात. आठवड्यातून तीनदा ती ऑफिस सुटल्यावर कुत्रीला घेऊन येई. पाण्याच्या काचेच्या टाकीत खाली पट्टा फिरतो आणि कुत्रं त्यावर चालतं. कोमट पाणी खांद्यापर्यंत आलं की वजन निम्म्याहून कमी होतं आणि दुखऱ्या पायाला भीती न वाटता चालता येतं. पण कारवानला पाणी म्हणजे शत्रू. पहिल्या दिवशी ही चारही पाय ताठ करून पुतळ्यासारखी उभी. लोक तिथे विकतचं पीनट बटर काचेला लावतात. मी घरून शेंगदाण्याचं कूट नेलं, बिनमिठाचं, थोड्या पाण्यात कालवून काचेवर नाकाच्या उंचीवर थापलं. लातूरची जात, शेंगदाणा ओळखणारच. एक पाऊल. चाटलं. दुसरं पाऊल. आणि मग चालू लागली.

मी डोळे मिटून ऐकत असे. पट्ट्यावर पावलांचा आवाज येतो. सारखी चाल असेल तर चार सारखे ठोके. तिचे सुरुवातीला तीन ठोके आणि एक चोरटा. पाणी पाच बोटं खाली, पुन्हा ऐका. पट्ट्याचा वेग थोडा वर, पुन्हा ऐका. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी चौथा ठोका आला. स्पष्ट, जड, मोकळा. मी टाकीच्या काचेवर हात आपटला आणि ओरडले, "आला! आला लाल पाय!" मुलगी धावत आली. कुत्री दचकली आणि कूट चाटायचं विसरून आमच्याकडे बघत चालत राहिली.

घरी त्यांना चढ हवा होता. चढावर मागून जोर येतो आणि पुढचे पाय हलक्या भाराने लांब टाकावे लागतात. उतारावर पुढचे पाय सावकाश भार घ्यायला शिकतात. नोएडात चढ कुठे असतो? उड्डाणपुलावर नाही तर पार्किंगच्या रॅम्पवर. ही रोज सकाळी सोसायटीच्या तळघराचा रॅम्प वर-खाली करायची, सावकाश, वीस वेळा. तिसऱ्या दिवशी वॉचमनने विचारलं, "मैडम, गाड़ी नहीं मिल रही क्या?" पाचव्या दिवशी, "दीदी, कुत्ते की भी ड्राइविंग टेस्ट है?" जानेवारीच्या शेवटी तोच फेऱ्या मोजून सांगायला लागला: "सत्रह हुए. आज कामचोरी नहीं." धुकं आणि धूर इतका असायचा की काही सकाळी फिरायला बाहेर पडणं मूर्खपणाचं होतं. तळघराला धुकं नसतं. रॅम्पने आमचे ते दिवस वाचवले.

मधे मी विटांवर झाडूच्या दांड्या ठेवून बुटके अडथळे केले, मग उंच, मग तिरके. लाल नखं दांडीला न लागता पलीकडे जायची तेव्हा मला शर्यत जिंकल्यासारखं वाटायचं. रंग उडाला की मी पुन्हा लावायचे. एका बाईने विचारलं, "एक ही पंजे पर क्यों?" मी म्हटलं, फॅशन आहे.

एकदा मुलगी म्हणाली, "काकू, तिचे कमांड्स पण उलटे आहेत ना? मी सहा वर्षं तिला 'डावा' म्हणून उजवीकडे वळवलंय. आता नीट करू?"

तेव्हा मला पहिल्या दिवसाची दारातली गिरकी आठवली. कुत्री चुकली नव्हतीच. तिला शिकवलं होतं तसं ती वळली होती.

"मुळीच नाही," मी म्हटलं. "तुझं मराठी मी नंतर बघते. तिचं मराठी पक्कं आहे, त्याला हात लावायचा नाही."

जानेवारीच्या अखेरच्या शनिवारी सर्जनसाहेब नोएडाला आले. माझ्या टेपवर विश्वास न ठेवता स्वतःची टेप घेऊन आले. घेर मोजला. पुन्हा मोजला. "आधा."

"आधे से ज़्यादा नहीं, आपने कहा था," मी म्हटलं.

"मैंने कहा था आधे के अंदर."

"नहीं साहब. 'आधे सेंटीमीटर से ज़्यादा फ़र्क़ नहीं'. मैंने लिखकर रखा है."

मुलगी कुत्रीचा कान चिमटीत धरून बसली होती. सर्जनसाहेबांनी आमच्याकडे आलटून पालटून पाहिलं आणि म्हणाले, "चलिए, कुदाइए."

मागच्या मैदानात पूर्ण उंचीच्या दहा उड्या. दहाही स्वच्छ. मुलगी लगेच दुडकी चाल दाखवायला निघाली, पण साहेबांनी थांबवलं. "अभी नहीं. गरम टाँग झूठ बोलती है. आधा घंटा गाड़ी में बिठाइए."

हे ते बरोबर बोलले. खरी परीक्षा थंड झाल्यावर असते. ती अर्धा तास गाडीच्या मागच्या सीटवर झोपली आणि आम्ही तिघं चहा घेऊन तिच्याकडे काचेतून बघत उभे राहिलो. मी दोन कप संपवले. मग तिला उतरवलं. तिने अंग ताणलं, जांभई दिली. मुलगी तिला घेऊन मैदानभर दुडकत गेली आणि परत आली. मी फक्त डोकं बघत होते. डोकं पाण्याच्या पातळीसारखं सरळ. वर नाही, खाली नाही.

"हाँ," सर्जनसाहेब म्हणाले. "पर लंगड़ी दिखी तो मैदान से मैं ख़ुद उठाऊँगा. और कौन सी टाँग देखनी है, वो हिंदी में बता दीजिएगा."

मीट गुरुग्रामच्या पलीकडे एका फार्महाउसच्या मैदानावर होती. फेब्रुवारीतलं कोवळं ऊन, सकाळचं धुकं दहापर्यंत विरलं. सगळीकडे काळे-पांढरे कोली जातीचे कुत्रे, एखादं शेफर्ड, आणि त्यांच्यात ही आमची किडकिडीत, लांब नाकाची. एक गृहस्थ म्हणाला, "ये तो ख़रगोश पकड़ने वाला है, ये क्या करेगा?" मी म्हटलं, "देखिए न." माणसांच्या सोळा वर्षांत मी कधी पेशंटची मॅच बघायला गेले नव्हते.

शर्यतीआधी मालक कुत्र्याशिवाय मैदानात फिरून वाट पाठ करतात. मुलगी ते करून दोरीपाशी आली.

"काकू, एंडला उतरंड आहे. आणि उतरल्या उतरल्या लगेच डावा, टाइट. मग जंप, मग टनल, खतम."

"तुझा डावा की माझा?"

"कुत्रीचा."

म्हणजे उजवीकडे. मी तिथल्या तिथे हिशेब केला. उतरंडीवरून अंग पुढच्या पायांवर कोसळणार आणि त्याच क्षणी उजवीकडे तिखट वळण. उजवीकडे वळायला जोर लावायचा तो बाहेरच्या पायाने. डाव्या. लाल पायाने. ज्या कारणाने दोरी सुजली होती तेच, त्याच पायावर, शर्यतीच्या शेवटी, दमल्यावर.

"नको असेल तर आत्ता सांगा," मुलगी म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही पळवणार. प्रॉमिस."

मी कुत्रीपाशी बसले. खांदा चाचपला. पाय मागे नेला, पुढे नेला, दोरीवर अंगठा ठेवून दाबला. तिने माझ्या कानात श्वास सोडला. आठ आठवड्यांचा रॅम्प, दांड्या, टाकी माझ्या अंगठ्याखाली होती. घट्ट, भरलेली.

"पळव," मी म्हटलं. "उतरंडीवर घाई करू नकोस. खाली यायच्या आधी ओरड, खाली आल्यावर नको."

शिट्टी झाली. पहिल्या तीन उड्या मी पाहिल्या नाहीत, फक्त लाल नखं पाहिली. बोगदा. बाहेर. डुलणारी फळी. पुन्हा उड्या. कारवान सरळ रेषेत पळते तेव्हा जमिनीला लागते की नाही कळत नाही. लोक बोलायचे थांबले होते. सर्जनसाहेब माझ्या बाजूला दोरी मुठीत धरून उभे. उतरंड आली. वर चढली, शेंड्यावर तिची आकृती क्षणभर उन्हात दिसली, आणि ती खाली यायला लागली.

"डावा!" मुलगी ओरडली. वेळेवर. खाली यायच्या आधी.

त्या सगळ्या मैदानात तो शब्द चुकीचा आहे हे आम्हा दोघींनाच माहीत होतं. कुत्रीचे पुढचे पाय जमिनीला लागले, लाल नखं मातीत रुतली, खांद्याचा स्नायू कातड्याखाली दोरखंडासारखा उठला, आणि तिने त्या पायावर सगळं अंग तोलून उजवीकडे झेप घेतली. उडी. दांडी हललीसुद्धा नाही. बोगदा. संपलं.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. सर्जनसाहेब म्हणतात, मी त्यांच्या पाठीत बुक्का मारला. त्यांच्या पाठीला फिजिओथेरपी लागली तर ती फुकट देईन असं मी त्यांना सांगितलंय.

क्लीन राउंड. पूर्ण उंचीवर. वेळेत ती चौथी आली, पुढचे तिन्ही कोली. मुलगी म्हणाली, "चौथी! यार, थोडक्यात गेलं!" आणि मग तिथेच गवतात बसली आणि कुत्रीच्या पोटात तोंड खुपसलं. मी तिला पाच मिनिटं दिली. मग उठवलं. कुत्रीला दहा मिनिटं सावकाश चालवायचं होतं, मग खांद्याला बर्फ लावायचा होता. लाल पायाला.

माझ्या कामात मात्र शर्यतीच्या दिवशी निकाल लागत नाही. तो दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो, जनावर रात्रभर झोपून थंड पायांनी उठतं तेव्हा. मी तिला बजावलं होतं: उठल्याबरोबर, काही खायच्या-फिरायच्या आधी, दुडकी चाल, समोरून, फोन जमिनीपासून हातभर वर.

सकाळी पावणेसातला चित्रण आलं. तळघराचा रॅम्प, दिव्याचा पिवळा उजेड. कुत्री वरून खाली, समोरून, कॅमेऱ्याकडे दुडकत येते. मी ते संथ करून पाहिलं, डोळ्यांपुढे बोट आडवं धरून. डोकं बोटाच्या रेषेवरून हललं नाही, एका पावलालाही नाही. लाल पायाच्या मधल्या दोन नखांचा रंग मातीत घासून गेला होता. मागे वॉचमनचा आवाज होता: "आज पास?"

मी व्हॉइस मेसेज पाठवला. एकच, आणि हिंदीत. "पास."